तीन नंबरची भिंत

१२ जानेवारी, सोमवार

दुपारी आबांना शांतलिंगकाकांचा फोन आला. काका मूळचे उमरग्याकडचे. आबांबरोबर कोळशाच्या खाणीत होते, रिटायर झाल्यावर तिथंच राहिले, राजुऱ्याच्या पुढं पांढरगुड्यात. आबांना ऐकायला कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर लावला होता.

"बिरदेवा, मशीन तीन नंबरच्या डोक्यावर आलंय. ह्या महिन्यात भिंत उघडी पडंल. यायचं तर आत्ता ये. मागनं गावबी राहणार न्हाय."

आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि शेळ्यांना पाणी पाजायला उठले. पाणी सकाळीच पाजलं होतं.

तीन नंबरबद्दल मला जेवढं माहीत आहे ते एवढंच. आबांचे थोरले भाऊ मल्लेश बहात्तरच्या दुष्काळानंतर मेंढरं सोडून खाणीत गेले. पुढं त्यांनी आबांनाही तिकडं नेलं. ऐंशी साली तीन नंबरच्या खाणीत छत खाली आलं, कोळशानं पेट घेतला. आग बाहेर येऊ नये म्हणून कंपनीनं बोगद्याच्या तोंडाला विटांची भिंत घातली. तिघंजण आत राहिले. त्यातले एक आमचे चुलते. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात त्यांचा फोटो नाही आणि त्यांचा विषयही निघत नाही.

आता जमिनीखालच्या खाणी बंद झाल्यात. वरूनच डोंगराएवढा खड्डा खणून उरलेला कोळसा काढतात. त्या खड्ड्यात जुने बोगदेही उघडे पडतात म्हणे.

१४ जानेवारी, बुधवार

आबा जायचं म्हणतात. एकट्याला पाठवणं शक्य नाही. चाळीस पावलं चालले की थांबून श्वास घेतात, खाणीच्या धुळीनं छाती भरली आहे. म्हणजे मला जावं लागणार.

खरं लिहायचं तर मला जायचं नाही. वीज कंपनीच्या नोकरीत जानेवारीत सुट्टी मागणं म्हणजे साहेबांचं तोंड बघायला नको. सगळीकडं शेतीपंप चालू, दिवसाआड डीपी जळतेय. पण अडचण सुट्टीची नाही. आबा आणि मी इतके दिवस एकत्र काय बोलणार, ही आहे. लहानपणी ते वर्षातून दोनदा यायचे, दिवाळीला आणि यात्रेला. येताना माझ्यासाठी कपडे आणायचे, तेही नेहमी एक माप मोठे. मला कधी मारलं नाही. कधी रागावलेसुद्धा नाहीत. शाळेतली पोरं म्हणायची, नशीबवान आहेस. पण पाहुण्याचं पोर जपावं तसं त्यांनी मला जपलं. कधी चुकून एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

आईला म्हटलं, तूही चल, तू तिथं राहिलेली आहेस. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या न्हाय येत. तू जा. तुझंच जाणं हाय तिथं."

आबांच्या छातीच्या काळजीनं म्हणत असावी.

१६ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी मिळाली. उद्या कुर्डुवाडीहून रेल्वे. माझ्या बायकोनं, दीपमालानं, दशम्या, शेंगाची चटणी, आबांची औषधं, श्वासाचा पंप सगळं बांधून दिलं. आबांनी ट्रंकेतून एक जुनं घोंगडं काढलं. मी म्हटलं, "आबा, एवढं ओझं कशाला? मी ब्लँकेट घेतोय." तर म्हणाले, "दादाचं हाय."

हे घोंगडं मी आज पहिल्यांदाच पाहिलं.

निघायच्या तयारीत प्रतीक्षानं आबांना विचारलं, "आबा, मोठे आजोबा कसे होते दिसायला?" माझी पोरगी नववीत आहे, तिला सगळंच विचारायचं असतं. आबा तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "उंच व्हता."

१८ जानेवारी, रविवार

दोनदा गाडी बदलून बल्लारशा, तिथून राजुरा, मग एका रिक्षानं पांढरगुडा. आबा प्रवासभर खिडकीशी बसून होते.

गाव अर्धं पडलेलं आहे. निम्म्या घरांची कौलं, दारं, चौकटी लोकांनी काढून नेल्यात. उघड्या भिंतींवर कॅलेंडरचे चौकोन तेवढे पांढरे उरलेत. सगळ्या झाडांच्या पानांवर काळी भुकटी. दूर कुठंतरी सतत गुरगुर चालू असते, तेच ते मशीन.

शांतलिंगकाका रस्त्यावर येऊन उभे होते. दोघं म्हातारे एकमेकांच्या दंडाला धरून उभे राहिले, मिठी मारली नाही की काही नाही. मग काकांनी माझ्याकडं बघितलं आणि बघतच राहिले.

"आणलास का?" काकांनी आबांना विचारलं.

"आणलं," आबा म्हणाले. "त्याचं त्याला दाखवायला आणलंय."

घोंगड्याची पिशवी मी काकांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, पण घोंगडं बघितलं नाही.

संध्याकाळच्या आत काकांनी गाव फिरवलं. गावातल्या तरुण पोरांनी जुन्या बत्तीघरात एक खोली सजवलीय. बत्तीघर म्हणजे जिथून कामगार खाली जाताना डोक्याचा दिवा घ्यायचे आणि वर आल्यावर परत टांगायचे. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा, प्रत्येकावर नंबर. पोरांनी हेल्मेटं, फावडी, टोपल्या, एक टब म्हणजे कोळशाचा लोखंडी डबा, आणि जुने फोटो मांडलेत. गाव हलल्यावर हे सगळं नव्या वसाहतीत न्यायचंय, पण तिथं खोली मिळेल का ते कुणालाच माहीत नाही. एका फोटोत बायकांची रांग डोक्यावर टोपल्या घेऊन उभी आहे. दुसऱ्यात संपाचा मोर्चा. काका सांगत होते, कुठली कुठली माणसं इथं आली. तेलंगणातली, छत्तीसगडातली, उत्तरेतली, आणि दुष्काळात आपल्या भागातून आलेली. प्रत्येकाची वेगळी चाळ. आपल्या लोकांच्या चाळीला मराठी लाइन म्हणायचे. तिथं पोळ्याला मातीचे बैल आणि दसऱ्याला आपट्याची पानं. भाषा येत नव्हती तरी खाली अंधारात एकमेकांचा खोकला ओळखायचे.

मी आबांना विचारलं, "तुमचा नंबर कुठला?" ते एका खिळ्यापाशी जाऊन उभे राहिले आणि त्यावर बोट ठेवलं. मग त्याच्या शेजारच्या खिळ्यावर.

"हा दादाचा. दिवा परत आला न्हाय म्हणून कळलं, कोण आत हाय त्ये."

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी मराठी लाइन बघायला गेलो. एकच घर अजून राहतं आहे, राजव्वा नावाच्या म्हातारीचं. नव्या वसाहतीत जायला ती तयार नाही. सुनेनं आम्हाला आत बोलावलं. म्हातारी आतल्या अंगणात उन्हात बसली होती. मी पाया पडायला वाकलो तर तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला.

"अय्यो, मल्लन्ना!"

"मल्लन्ना नव्हे, आजी. मी रामहरी. बिरदेवचा मुलगा."

ती आबांकडं बघायला लागली. आबा चप्पल घालायला बाहेर गेले.

चुलत्यासारखं दिसणं काही मोठी गोष्ट नाही, एकाच घरचं रक्त. पण म्हातारीनं माझा हात सोडला नाही. काठी टेकत शेजारच्या पडक्या खोलीपाशी घेऊन गेली. दाराची चौकट गेलेली, आत बाभळीचं रोप उगवलेलं.

"ह्या दारात तुझी आई बसायची. ही मल्लन्नाची खोली. तू पोटात व्हता. तिला चिंच पाहिजे, चिंच पाहिजे. मल्लन्ना ड्यूटीवरून येताना खिसा भरून आणायचा."

"आणि माझे आबा?"

"बिरन्ना तिकडं." तिनं रस्त्यापलीकडच्या लांबट बराकीकडं काठी दाखवली. "सडी पोरं राहत व्हती तिथं. जेवायला हिकडं यायचा, वयनीच्या हातचं."

सुनेनं मला खुणावलं, वय झालं आहे, मनावर घेऊ नका. खरंच आहे. इतक्या वर्षांत माणसाचे दिवस एकमेकांत मिसळतात. बहुतेक आई-आबा आणि चुलते एकाच खोलीत राहत असतील, तिच्या डोक्यात कोण कुठं याचा घोळ झाला असणार.

दुपारी आईचा फोन आला. जेवलात का, थंडी आहे का, आबांना खोकला किती आहे. मग थोडं थांबून विचारलं, "सापडले का ते?"

म्हटलं, अजून भिंत उघडी पडायची आहे. फोन ठेवल्यावर उगाच मनात आलं, आई धाकट्या आत्याच्या नवऱ्यालाही भावजी म्हणते. चुलत्यांना नुसतं ते म्हणाली.

२० जानेवारी, मंगळवार

आज खाणीच्या ऑफिसात गेलो. कृष्णराज नावाचा तरुण इंजिनिअर आहे, लातूरकडचा. बोलायला चांगला. त्यानं स्पष्ट सांगितलं, "काका, आग लागलेला भाग आहे. आत काही मिळेल असं मी म्हणत नाही. पण भिंत उघडी पडली की मी मशीन थोडा वेळ थांबवतो. तुम्हाला खाली येता येणार नाही, वरच्या कडेवरून बघायचं."

आबा म्हणाले, "थोडा येळ म्हंजी किती?"

"चहा पिऊन होईल एवढा."

परत येताना मी काकांना विचारलं, बाकीच्या दोघांच्या घरचे येणार का. एकाची नात चंद्रपूरहून येणार आहे. दुसऱ्याच्या घरचा पत्ता कुणालाच लागला नाही. काकांनी त्याचाही नारळ आणून ठेवलाय.

संध्याकाळी आबांना दम लागला. पंप दिला, पाठ चोळली. त्यांची पाठ मी आयुष्यात पहिल्यांदाच चोळत होतो बहुतेक. बरगड्यांच्या वर निळसर खुणा आहेत, कातडीखाली कोळसा बसलेला. म्हणाले, "दादाचं जे काय करायचं त्ये तू करायचं. म्या न्हाय."

मी म्हटलं, "तुम्ही सख्खे भाऊ. तुमचाच मान."

"तूच करायचं," एवढंच म्हणाले आणि तोंड भिंतीकडं केलं. मला रागच आला. इतक्या लांब आलो ते यांच्यासाठी, आणि हे अंग काढून घेतात.

२१ जानेवारी, बुधवार

भिंत दिसली.

सकाळपासून कडेवर उभे होतो. खाली खड्डा एवढा मोठा की त्यातले ट्रक काडेपेटीसारखे दिसतात. मशीननं मातीचा एक थर ओढला आणि समोरच्या काळ्या उभ्या कड्यात विटांचा लाल तुकडा दिसला. घराच्या भिंतीएवढाच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. आमच्या सबस्टेशनच्या कंपाउंडला आहे तसलीच साधी भिंत.

आबा खाली बसले. शांतलिंगकाकांनी टोपी काढली.

मशीनच्या दातानं वरच्या विटा ओढल्या. धूर येईल असं वाटलं, पण काहीच आलं नाही. आत काळोखाचा एक चौकोन. कृष्णराज आणि दोन माणसं हेल्मेट घालून जवळ गेली, बॅटरी मारून पाहिलं. चंद्रपूरहून आलेली नात हात जोडून उभी होती, तिनं आजोबांना पाहिलेलंही नव्हतं.

कृष्णराज वर आला तेव्हा त्याच्या हातात एक टोपली होती. टोपलीत कोळसा, राख आणि टबाचं एक वाकडं चाक.

"एवढंच आहे, काका. सगळं जळून बसलंय. हाड म्हणावं असं काही दिसलं नाही. मी सगळीकडं पाहिलं."

आबांनी टोपलीत हात घातला आणि कोळशाचा एक मुठीएवढा तुकडा उचलला. मग तो माझ्या हातात दिला. हलका होता. मला वाटलं होतं, जड असेल.

आम्ही चहा पीत असतानाच मशीन परत सुरू झालं.

२२ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं ते जसं झालं तसंच लिहून ठेवतो.

सकाळी नदीवर गेलो. काकांनी लाकडं आणलेली, चिता लहानच रचली. आबांनी घोंगडं अंथरलं आणि त्यावर टोपलीतले तीन कोळशाचे तुकडे ठेवले, तिघांच्या नावानं. पिशवीतून काढताना घोंगड्याला अजून मेंढराचा वास होता.

काकांनी न्हाव्याला बोलावलं होतं. त्यानं विचारलं, "कोण बसणार?" आबांनी मला पुढं केलं. मी बसलो. चुलत्यासाठी केस काढायला माझी ना नव्हती. न्हाव्यानं डोकं भिजवलं, वस्तरा फिरवला. मग मिशीला पाणी लावायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला.

"मिशी राहू द्या. माझे वडील आहेत." आबांकडं बोट केलं.

न्हावी थांबला. गावची दहा-बारा माणसं होती, राजव्वाची सून होती, ती नात होती. न्हावी म्हणाला, "बरोबर आहे. ज्याचा बाप जिता आहे त्याची मिशी काढत नाहीत."

"न्हाय जिता," आबा म्हणाले. "काढा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आबा, काय बोलताय?"

"त्याचा बाप न्हाय जिता. त्यो बघ." त्यांनी घोंगड्यावरच्या कोळशाकडं हात केला. "काढा म्हणतो ना."

काका माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, "बस बाळा. मागनं विचार, काय विचारायचं त्ये. आता बस."

मी बसलो. न्हाव्यानं मिशी काढली. मी अग्नी दिला. कोळसा लवकर पेटला. आबा लांब, पाण्याच्या कडेला उभे होते, आमच्याकडं पाठ करून.

मला रडू आलं नाही. ज्याला पाहिलं नाही त्याच्यासाठी कसं रडायचं, कळलं नाही. राख नदीत सोडताना मी काय म्हणायचं म्हणून काकांकडं पाहिलं. ते म्हणाले, "बापाला हाक मार." माझ्या तोंडून "आबा" निघालं आणि पाण्याच्या कडेला उभे असलेले आबा वळून बघायला लागले.

२४ जानेवारी, शनिवार

गाडीत बसलो आहोत, मनमाडच्या पुढं.

काल दिवसभर मी त्यांच्याशी बोललो नाही. राग होता. पंचेचाळीस वर्षांचा माणूस मी, माझ्याखाली चार माणसं काम करतात, आणि गावच्या न्हाव्यासमोर मला माझा बाप कळला. राजव्वानं दारात सगळं सांगितलं होतं आणि मी तिला वेड्यात काढलं.

वर्ध्याला गाडीची वाट बघत होतो. माझ्या उघड्या डोक्याला वारा लागत होता. आबांनी स्वतःचा मफलर सोडला आणि न विचारता माझ्या डोक्याला गुंडाळला, कानावरून नीट खाली ओढला. स्वतः खोकत बसले. तेव्हा मला रडू आलं. प्लॅटफॉर्मवर माणसं बघत होती.

मग ते बोलले. एका वेळी इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. मध्ये मध्ये दम लागत होता.

"तू पोटात व्हतास. म्हाताऱ्यानं पंचात ठरवलं, घरची सून घरात राहू दे, पोराला नाव पायजे. माझ्याशी पाट लावला. जुनं गाव सोडलं, लोकांची तोंडं नगं म्हणून. दादाच्या जाग्यावर कंपनीनं मला कायम केलं."

"मला का नाही सांगितलं?"

"कवा सांगायचं? ल्हान व्हतास तवा कळलं नसतं. मोठा झालास तवर तुला आबा म्हणायची सवय झाली." थोडं थांबून म्हणाले, "मलाबी ऐकायची झाली."

"मग आता कशाला सांगितलं?"

"भिंत व्हती तवर वाटायचं, दादा आत हाय. त्याची वस्तू आपल्यापाशी ठेवायला दिलीया. नीट ठिवायची." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "आता भिंतच न्हाय राहिली."

म्हणून त्यांनी मला कधी मारलं नाही. दुसऱ्याच्या वस्तूला कोण हात लावतं?

२५ जानेवारी, रविवार

घरी आलो. आई उंबऱ्यात उभी होती. माझं डोकं, माझी मिशी काढलेली बघितली. पायावर पाणी घातलं, गूळ दिला. मी आंघोळ करून आलो तर म्हणाली, "हिकडं बस." मी जवळ बसलो. तिनं माझ्या ओठावरून, जिथं मिशी असते तिथं, बोट फिरवलं.

"त्यांना मिशी न्हवती तवा असेच दिसायचे. लग्नात."

आबा शेळ्यांकडं गेलेले होते. आई मग हळू आवाजात बोलायला लागली, स्वयंपाकघराकडं बघत, जणू दीपमालानं ऐकू नये.

"ह्यांची सोयरीक जवळ्याला ठरली व्हती. पोरगी बघितली व्हती, पसंत व्हती. माझ्यापायी मोडली. तिचं पुढं बार्शीला लगीन झालं म्हणं. ह्यांनी कधी नाव काढलं न्हाय तिचं. आणि म्या ह्यांच्याशी कधी दोन शब्द नीट बोलले न्हाय, रामहरी. वाटायचं, ह्यांच्याशी हसून बोललं की त्यांना इसरले म्हणतील. कोण म्हणतील? कुणीबी न्हवतं म्हणायला."

मला भाऊ-बहीण का नाही हे मी लहानपणी आईला फार वेळा विचारायचो. आता कधी विचारणार नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

दीपमालाला आणि प्रतीक्षाला सांगितलं. दीपमाला उठून आबांना चहा देऊन आली. प्रतीक्षानं विचारलं, "म्हणजे आता आबांना काय म्हणायचं?" मी रागावलो तिच्यावर. मग बाहेर जाऊन पाहिलं तर ती आबांच्या खाटेवर बसून त्यांना मोबाईलमधला बत्तीघराचा फोटो मोठा करून दाखवत होती, आणि म्हणत होती, "आबा, यात तुमचा खिळा कुठला?"

ऑफिसात साहेबांनी विचारलं, कोण वारलं. मी म्हटलं, वडील. ते म्हणाले, अरे, परवा तर बाजारात दिसले होते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज तेरावा केला. जुन्या गावचे लोक पहिल्यांदाच आमच्या दारात आले, मामा आले. मामांनी माझ्या डोक्याला टॉवेल बांधला. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

बायकांच्यात कुजबुज चालली होती. जुन्या गावची एक म्हातारी शेवटी मोठ्यानं बोललीच, "धुरपता, आता कुकवाचं काय करायचं? पयल्या नवऱ्याचं झालं आज सारं."

आईनं पत्रावळीवर भात वाढता वाढता उत्तर दिलं. "माझा नवरा भाईर खाटंवर बसलाय. त्याला वाढून या आधी."

म्हातारीच पत्रावळ उचलून बाहेर गेली.

दुपार कलल्यावर पाहुणे गेले. भांडी घासून पालथी पडली. सगळे जेवले होते, आई तेवढी राहिली होती. दीपमालानं दोनदा ताट वाढून आणलं, तिनं दोन्ही वेळा झाकून ठेवलं. मग ती अंगणात आली आणि आबांच्या खाटेच्या कडेला, जमिनीवर बसली. मी दारात टॉवेल वाळत घालत होतो. मला बघूनही ती थांबली नाही.

"एक इचारू का?" ती म्हणाली.

आबा उठून बसले.

"त्या दिशी तुमी वर आला, ते खाली राहिले. काय म्हणले का ते? शेवटचं?"

आबांच्या छातीतली घरघर मला दारातून ऐकू येत होती. मला वाटलं, नको होतं विचारायला.

"पाळी संपली व्हती," आबा म्हणाले. "आमी दोघं निघालो. मुकादम म्हणला, छताखाली दोन खांब लावायचे राहिलेत, कुणीतरी थांबा. दादा थांबला. म्हणला, बिरू, तू जा. घरी सांग, आज येळ लागंल. तिला म्हणावं, माझी वाट बघत बसू नगं, जेवून घे."

आईनं पदर तोंडाला लावला.

"म्या वर आलो. दिवा टांगला, त्येवढ्यात भोंगा झाला. म्या तसाच माघारी पळालो. तुमच्याकडं आलो त्यो तिसऱ्या दिशी. तवा ह्ये कसं सांगायचं? मग राहूनच गेलं."

"म्या जेवले न्हवते," आई म्हणाली. "ताट झाकून बसले व्हते."

"म्हायती हाय. राजव्वानं सांगितलं व्हतं."

दोघं तशीच बसली. शेळ्या ओरडायला लागल्या, कुणी उठलं नाही. मग आई म्हणाली, "बरं," जसं एखाद्यानं निरोप दिल्यावर म्हणतात तसं. जमिनीला हात टेकून उठली आणि आत गेली.

थोड्या वेळानं मी पाणी प्यायला आत गेलो. आई चुलीपुढं बसली होती, ताटावरचं झाकण बाजूला काढून ठेवलेलं. भाकरी आमटीत कुस्करून, खाली मान घालून, सावकाश जेवत होती.